चालत आलेला वाटा

"बागेला पुरुष लागतो, वहिनी."

"बागेला पाणी लागतं, हमैद. पुरुष नुसता सावलीत बसून चहा पितो."

हे भांडण माझ्या कानावर पडलं तेव्हा मी नवी नवरी होते. दगडी गडग्याच्या अलीकडे मी सरपण वेचत होते आणि पलीकडे माझा नवरा हमैद आणि माझी मोठी जाऊ सबहा समोरासमोर उभे होते. थोरले दीर सालिम तापानं गेले होते आणि सबहाचा शोकाचा काळ आदल्याच दिवशी संपला होता. काळी ओढणी अजून डोक्यावर होती, पण जीभ मोकळी झाली होती.

"सालिम माझा सख्खा भाऊ. त्यानं लावलेली झाडं माझ्या घरची," हमैद म्हणाला.

"लावली त्यानं, जगवली मी. विहिरीवर मी वाकत होते तेव्हा तू कुठं होतास? खाली, पाहुण्यांना उंटावर बसवून फोटो काढू देत होतास."

"तो धंदा आहे माझा!"

"मग तो कर. उंटाला पुरुष लागतो हे मात्र खरं. दोघं सारखेच कुरकुरतात."

मला हसू फुटलं आणि हातातलं सरपण खाली पडलं. दोघांनीही गडग्यावरून डोकी काढली. हमैदच्या कपाळावर आठ्या होत्या. सबहानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "ही हसते. चांगलं झालं. तुझ्या घरात कुणीतरी हसायला हवंच होतं."

आमची मैत्री तिथून सुरू झाली, आणि माझ्या नवऱ्याची डोकेदुखीही.

भांडण होतं वरच्या बागेवरून. डोंगरातल्या सगळ्या जुन्या बागांसारखी तीही खालच्या ख्रिस्ती मठाची. जमीन आणि विहीर मठाची, कष्ट आमचे. फळ आलं की दोन ढीग घालायचे, एक मठाचा, एक आपला. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी ही बाग अशी अर्ध्या वाट्यानं धरली होती. पण वाटा पुरुषाच्या नावानं चाले. सालिम गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा बाग धाकट्या भावाकडे यावी असं हमैदला वाटलं तर त्यात नवल नव्हतं. त्याला मुलगे होणार होते. निदान तो तसं सगळ्यांना सांगत फिरत होता. आमचं लग्न होऊन महिना झाला होता.

सबहाला माहेरी परत जाता आलं असतं. गेली नाही. मठाचा कोठार सांभाळणारा अबूना पार्थेनिओस त्या उन्हाळ्यात बागेत आला तेव्हा तिनं त्याच्यापुढे जर्दाळूचे दोन ढीग घातले आणि बाजूला जाऊन उभी राहिली. अबूना म्हणजे मठातले पाद्री. आम्ही सगळ्यांनाच बाबा म्हणतो, तेही आम्हाला बाळ म्हणतात, मग आमच्या तोंडात दात असोत वा नसोत. पार्थेनिओस ग्रीस देशातून तरुणपणी आला होता आणि आमची बोली आमच्या म्हाताऱ्यांकडून शिकला होता, त्यामुळे वयाच्या तिशीतही आजोबांसारखा बोलायचा.

रीत अशी की ढीग आम्ही घालायचे आणि निवड त्यांनी करायची. पार्थेनिओस भिडस्त. त्यानं लहान दिसणारा ढीग निवडला.

हे सबहानं एकदाच पाहिलं. दुसऱ्या वर्षापासून तिनं लहान ढिगाच्या तळाशी सगळ्यात गोड, सगळ्यात मोठी फळं दडवायला सुरुवात केली. वर किडकी-पिचकी, खाली मध. अबूना दरवर्षी लहान ढीग उचलायचा आणि मठात गेल्यावर त्याला कळायचं. त्यानं कधी विचारलं नाही. हिनं कधी सांगितलं नाही. हमैदला मी हे सांगितलं तर म्हणाला, "दोघंही एकमेकांना फसवतात आणि दोघंही खूष. असला व्यवहार मी उंटांच्या बाजारात पाहिला नाही."

अशी बरीच वर्षं गेली. मला पोरं झाली, सबहाच्या झाडांना फळं. पोरांपेक्षा झाडांना ती जास्त बोलायची. "काय गं, यंदाही नुसती पानंच? नवरी आहेस की म्हातारी?" असं जर्दाळूला. डाळिंबाला, "उगाच लाजू नकोस, फूल दाखव." आणि कडू बदामाच्या खोडावर गोड बदामाचा डोळा बांधताना अगदी हळू, कानात बोलल्यासारखं काहीतरी. ते काय होतं हे तिनं मलाही सांगितलं नाही. पण तिचं कलम कधी मेलं नाही. दुसऱ्या घळींतले पुरुष आपल्या झाडांसाठी तिला बोलवायला यायचे आणि तिच्याशी बोलताना जमिनीकडे बघायचे, कारण विधवा बाईला कलम बांधायला बोलवावं लागतं याची त्यांना लाज वाटायची. सबहाला वाटायची नाही.

मग लागोपाठ दोन वाईट वर्षं आली. पहिल्या वर्षी पुरानं बागेचा खालचा गडगा नेला आणि त्याबरोबर वीतभर माती. सबहानं एकेक दगड परत रचला, पाटीपाटीनं माती वर आणली. दुसऱ्या वर्षी जर्दाळू ऐन फुलात असताना बर्फ पडलं. सकाळी फुलं काळी. बदाम गेले, जर्दाळू गेले, द्राक्षाचे कोंब गेले. साऱ्या डोंगरात त्या वर्षी फळ असं नव्हतंच.

हमैदला संधी मिळाली. तो मठात गेला, एकदा नाही, अनेकदा. "अबूना, बाई एकटी. वय झालं. तिच्यानंतर कोण? माझे मुलगे आहेत. बाग पडीक पडली तर तुमचंच नुकसान." पार्थेनिओस शेवटी कंटाळला. त्याच्यावरही वरचे लोक होतेच. त्यानं सबहाला निरोप धाडला: यंदाचा अर्धा वाटा द्राक्षांच्या हंगामापूर्वी मठाच्या दारात आला तर मी पुन्हा एक शब्द काढणार नाही. नाही आला, तर हिवाळ्यापासून बाग हमैदकडे.

निरोप घेऊन हमैदच गेला होता. परत आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, पाणी पिऊन जा, दमला असशील."

"आणखी?"

"आणखी काही नाही." तो राहुटीत जाऊन आडवा झाला. मला त्याचं थोडं वाईट वाटलं. जिंकायला निघालेल्या माणसाला कुणी भांडायलाच आलं नाही की त्याचा चेहरा असा होतो.

पण सबहाजवळ एक झाड होतं. मोठ्या खडकाआड नासपतीचं. उशिरा फुलायचं, आणि त्या वर्षी उशीर केल्यामुळेच वाचलं. सगळी फळं मिळून दोन लहान टोपल्या भरल्या. एक तिची, एक मठाची. पार्थेनिओसचे गुडघे तोवर गेले होते. त्याला चढ चढवेना. म्हणून तिनंच वाटे केले, आणि तिनंच खाली न्यायचं ठरवलं.

आपली टोपली मात्र तिनं सकाळीच आमच्या राहुट्यांत आणून रिकामी केली. त्या वर्षी पोरांनी फळ पाहिलंच नव्हतं. माझ्याच मुलांनी सगळ्यात जास्त खाल्ली, थोरल्यानं तर बियांसकट. "खा रे," सबहा म्हणाली, "तुमच्या बापाला माझी बाग हवी आहे, निदान चव तरी माहीत असू दे." हमैद त्या वेळी मठाकडे गेला होता. वाटा आला की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला.

पुढचं मला तिनं नंतर सांगितलं, पण इतक्या वेळा सांगितलं की मी तिथं असल्यासारखंच झालं.

मठाची टोपली गाढवावर बांधून ती घळीनं उतरत होती. ऊन चढलेलं. घळीच्या वळणावर तिला माणसं दिसली. सात-आठ जण, बाया आणि पुरुष, सगळे वयस्क, पायात शहरी बूट, तोंडं लालभडक. सायप्रस बेटावरचे भाविक. पहाटे मूसा पैगंबराच्या डोंगरावर चढून देवाला भेटून आले होते आणि उतरताना वाट चुकून भलत्याच घळीत शिरले होते. पाणी संपलेलं. एक म्हातारी खडकाला टेकून बसली होती आणि तिचा भाऊ तिला वारा घालत होता. त्यालाच वाऱ्याची गरज जास्त होती.

सबहाला त्यांच्या भाषेतले मठात ऐकलेले चार शब्द येत होते. "पाणी," ती म्हणाली, आणि आपली कातडी पिशवी पुढे केली. ती लगेच संपली. विहीर मागे, वर, लांब. मठ पुढे, तोही जवळ नाही. म्हातारीचे ओठ पांढरे पडले होते.

"मग तू काय केलंस?" मी दर वेळी विचारायची.

"काय करणार? टोपली सोडली."

"तुला बाग आठवली नाही?"

"आठवली की. गाठ सोडताना आठवली. गाठ घट्ट होती, आठवायला वेळ मिळाला."

तिनं एकेकाच्या हातात नासपती दिली. त्यांनी सालीसकट खाल्ली, रस हनुवटीवरून गळत होता. म्हातारीला तिनं स्वतः चावून चोथा करून भरवली, लहान मुलाला भरवावी तशी. ते थांबायला लागले की ही खुणेनं म्हणायची, खा, अजून आहे. टोपली तळाला गेली. मग म्हातारीला गाढवावर बसवलं, बाकीच्यांना पुढे घातलं, आणि ही वरात मठाकडे निघाली.

मठाच्या दाराशी अबूना पार्थेनिओस ओट्यावर बसला होता. शेजारी हमैद. त्यांनी लांबूनच गाढव ओळखलं, पण गाढवावर काय आहे ते कळेना. जवळ आल्यावर पार्थेनिओस उठून उभा राहिला. पाहुणे त्याला बघून रडायलाच लागले. त्यांना आत नेलं, पाणी दिलं, म्हातारीला निजवलं. हे सगळं झाल्यावर अबूना बाहेर आला आणि जरा संकोचून म्हणाला, "सबहा, बाळ, वाटा?"

"हा काय आत्ता आत गेला. चालत आलाय," सबहा म्हणाली.

हमैदनं टोपलीत डोकावून पाहिलं. "रिकामी! अबूना, बघितलंस? तुझा वाटा हिनं रस्त्यावर उधळला!"

अबूनानं दाढीवरून हात फिरवला. त्याला मोठ्या अवघड जागी आणून ठेवलं होतं. "मी एकट्यानं माफ करावं असं हे नाही, बाळ. वाटा मठ ज्यांच्या नावाचा त्या संतबाईंचा. तुमचं तुमच्या शेखापुढे मिटवा. शेख सांगेल ते मठ मान्य करेल."

मठाच्या तटाच्या आतच आमची जुनी मशीद आहे; शुक्रवारी तिथं नमाज झाला आणि सगळे पुरुष बाहेर बागेच्या भिंतीला सरूच्या सावलीत बसले. शेख मुसल्लम मधोमध, शेजारी मठातर्फे अबूना पार्थेनिओस. त्यानं त्याच्या आयुष्यात खून मिटवले होते, पळवलेली नवरी मिटवली होती, आणि आता नासपती. आम्ही बायका थोड्या अंतरावर चहाची किटली घेऊन बसलो होतो. म्हणजे किटली निमित्त.

पहिली अडचण अशी आली की बाईची बाजू तिच्या घरच्या पुरुषानं मांडायची असते. सबहाच्या घरचा पुरुष म्हणजे दीर. दीर म्हणजे हमैद. आणि फिर्याद हमैदची.

"मग तू दोन्ही बाजूंनी बोल," शेख म्हणाला. लोक हसले. हमैदही हसला, पण उशिरा. "नको. ती स्वतःच बोलू दे. बोलता येतं तिला, अशी माझ्या कानावर बातमी आहे."

हमैदनं फिर्याद मांडली. चांगली मांडली, खोटं कशाला सांगू. वाटा मठाचा, तो पोचवायची जबाबदारी हिची, वाटेत हिनं परस्पर खर्च केला, जे स्वतःचं नाही त्याचं दान करून पुण्य आपल्या नावावर लावलं. पुरुषांनी माना हलवल्या. नवऱ्याचं बोलणं पटावं आणि जाऊ जिंकावी, दोन्ही एकदम वाटायला लागलं की बाई काय करते? मी चहात साखर घातली. दोनदा.

शेख वळला. "सबहा?"

"मला काही सांगायचं नाही, शेख. एकच विचारायचं आहे. ते पाहुणे कुणाचे होते?"

"कुणाचे म्हणजे?"

"उपाशीतापाशी माणसं घळीतून उतरत होती. आपल्यात पाहुणा कुणाचा असतो, हे शेखांनीच सांगावं. माझे असतील तर मी कर्जदार. माझी तर तिथं राहुटी नाही."

हे तर पोरासोरांनाही ठाऊक: पाहुण्याला जी राहुटी पहिली लागते तिचा तो पाहुणा. दुसऱ्यानं कुणी त्याला आधी जेवू घातलं तर त्यावरून आमच्यात वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. शेखानं काठीनं मातीत घळ काढली. "इथून उतरले. बरोबर? मग पहिली राहुटी..."

"माझी," अवाद म्हणाला.

अवाद म्हणजे ओढ्यापलीकडचा. त्याची आणि हमैदची भाड्याच्या उंटांच्या पाळीवरून जुनी चुरस, आणि कॉफी कुणाची चांगली यावरून त्याहून जुनी. "घळीच्या तोंडापासून बघितलं तर माझीच राहुटी समोर दिसते. ते माझे पाहुणे होते. मला कळलं असतं तर बकरा कापला असता."

हमैदचे कान लाल झाले. मी किटलीपाशी बसूनही पाहिले.

"तुझे?" तो उठून उभाच राहिला. "तुझी राहुटी ओढ्याच्या पलीकडे! घळीतून उतरणाऱ्याला आधी माझा धूर दिसतो, मग माझी कुत्री भुंकतात, मग माझा उंट दिसतो, आणि हे सगळं झाल्यावर कुठं तुझ्या राहुटीचं फाटकं टोक दिसतं!"

"फाटकं?"

"फाटकं! माझ्या बापानं त्याच घळीच्या तोंडाशी बर्फात अडकलेले रशियन भाविक जेवू घातले होते. त्या घळीतून जो कुणी उतरेल तो आमच्या घरचा पाहुणा. विचार कुणालाही!"

पार्थेनिओस मधेच बोलला. त्यालाही राहवलं नसावं. "अरे, पण ते संतबाईंच्या दर्शनाला आले होते. इतक्या लांबून. खरं म्हणजे ते मठाचेच पाहुणे."

हमैद त्याच्याकडे वळला. मी त्याला इतका उंच कधी पाहिला नव्हता. "अबूना, तुझ्या तटाच्या आत आले की तुझे. डोंगरावर आहेत तोवर आमचे. आमच्या पणज्यांच्या पणज्यांना तुमच्या राजानं समुद्रापलीकडून इथं आणून बसवलं ते मठाची राखण करायलाच ना? दुसऱ्या टोळ्या अजून हिणवतात आम्हाला, तुम्ही कसले अरब, तुम्ही मठाचे गडी. हो, आहोत! या डोंगरावर वाट चुकलेलं माणूस आमच्या इज्जतीवर चालत असतं. तुमच्यातला एकही पाद्री कधी हरवला आणि आम्ही शोधून आणला नाही, असं झालंय?"

"नाही झालं," अबूना म्हणाला.

"मग!"

पुरुषांमधून "खरं आहे, खरं आहे" असा आवाज उठला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा माझाच होता आणि तो बरोबर बोलत होता, असे दिवस काही रोज येत नाहीत. शेजारी सबहा शांतपणे चहा पीत होती. फार गोड झालाय, एवढंच ती म्हणाली.

शेख मुसल्लमनं काठी खाली ठेवली. "हमैद, सगळ्यांसमोर सांग. पाहुणे अवादचे?"

"मुळीच नाही."

"मठाचे?"

"दारात पोचेपर्यंत नाही."

"मग कुणाचे?"

"माझे!" हमैदनं छातीवर हात मारला.

"बरं. हमैदचे पाहुणे हमैदच्या घळीत तहानेनं व्याकूळ झाले होते. हमैद घरी नव्हता. त्यांना कुणी खाऊ घातलं?"

"सबहा..." हमैद म्हणाला, आणि थांबला.

"हमैदच्या घरच्या बाईनं. कशातून?"

हमैदनं अबूनाकडे पाहिलं.

"मठाच्या वाट्यातून," शेखानंच सांगितलं. "म्हणजे मठाची नासपती हमैदच्या पाहुण्यांनी खाल्ली. सबहानं हमैदची अब्रू राखली, आणि मठाचं देणं लागतो हमैद. कुणाला वेगळं दिसतंय का?"

कुणालाच दिसत नव्हतं. अवाद तर असा हसत होता की त्याच्या डोक्यावरचा रुमाल सुटला. पार्थेनिओसची दाढी हलत होती. त्यानं तोंड दुसरीकडे केलं होतं. माझा नवरा उभाच होता, छातीवरचा हात तसाच. त्या क्षणी त्याला मागे फिरता आलं असतं. पाहुणे अवादचे म्हणाला असता तर सुटला असता, कदाचित बागही मिळाली असती. मी त्याच्याकडे बघत होते. सबहासुद्धा कप खाली ठेवून बघत होती.

"मान्य," हमैद म्हणाला. "पाहुणे माझेच होते."

आणि बसताना अवादला म्हणाला, "तुझ्या राहुटीला ठिगळ लाव आधी."

शेखानं निवाडा केला: नासपती कुठून आणणार, म्हणून हमैदनं मठाला एक बकरा द्यावा. बाग सबहाकडेच, ती हातपाय हलवते आहे तोवर, आणि त्यावर पुन्हा कुणी बोलू नये. बकरा माझ्या कळपातला, मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेला, पण निवाड्यात मला कोण विचारतो. त्यात पार्थेनिओस म्हणाला, "बाळांनो, आम्ही मठात मांस खात नाही." पुन्हा सगळे विचारात. शेवटी असं ठरलं की पाहुणे अजून मठाच्या धर्मशाळेत आहेत, तेव्हा हमैदनं तो बकरा कापून त्यांनाच रीतसर जेवू घालावं, आणि मठानं ते पोचलं असं समजावं.

दुसऱ्या दिवशी आमच्या राहुटीत असं जेवण झालं की विचारू नका. ती म्हातारी हमैदच्या शेजारी बसली होती आणि हमैद तिच्या पुढ्यात मांसाचे चांगले तुकडे सारत होता, जणू तिला स्वतः खांद्यावर बसवून आणलं होतं. अबूना पार्थेनिओसनं भात आणि ऑलिव्ह खाल्ले. अवाद आला, कॉफी प्यायला, आणि कडू आहे म्हणाला.

भांडी घासताना मी सबहाला विचारलं, "तुला ठाऊक होतं ना, तो असं बोलेल?"

"मी काय ज्योतिषी आहे?" तिनं पातेलं उपडं घातलं. "पण तुझ्या नवऱ्याला मी तुझ्याआधीपासून ओळखते. भांडखोर आहे, हावरट आहे. पाहुणा मात्र सोडायचा नाही."

त्यानंतर हमैदनं बागेचा विषय खरंच काढला नाही. उलट ज्याला त्याला तो सांगायचा की बर्फाच्या वर्षी साऱ्या डोंगरात फळ नसताना माझ्या पाहुण्यांनी नासपती खाल्ली. कुणी विचारलं कुठून आणली, की म्हणायचा, "घरची." खालचा रस्ता डांबरी झाला, बसगाड्या यायला लागल्या, तरी तो घळीच्या तोंडाशी बसून राहायचा, कुणी वाट चुकतंय का बघत. आणि सबहाच्या गडग्याचा दगड ढासळला की तोच जाऊन बसवायचा. ती वरून त्याला शिव्या द्यायची, तो खालून तिला. मला दोघांचे आवाज ऐकू आले की मी निवांत भाकरी भाजायची.

तिची झाडं आजही बघावीत. आमच्या अख्ख्या डोंगरात जितकी गोड बदामाची झाडं आहेत त्यांतल्या निम्म्यांच्या खोडावर तिच्या हाताची गाठ आहे. मी हे बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, सांगते.

शेवटच्या वर्षी ती आमच्या सगळ्यांपेक्षा म्हातारी झाली होती. डाळिंबांचा हंगाम होता. मी म्हटलं, "जाऊबाई, यंदा पोरांपैकी कुणाला पाठव." ती म्हणाली, "पोरं लवकर पोचतात, पण रस्त्यात बोलत नाहीत. गाढवाला करमत नाही."

तिनं दोन ढीग घातले. कोठारावर तेव्हा नवा अबूना होता, तरुण, चष्म्याचा. त्याला निवडायचं कळत नव्हतं, म्हणून तीच निवडायची. लहान ढीग टोपलीत भरला, वरून फडकं बांधलं. मी सोबत गेले, कारण मला मठातून भाकरी घ्यायची होती. वाटेत बसगाडीतून उतरलेल्या एका बाईनं तिचा फोटो मागितला. सबहानं बुरखा सारखा केला आणि गाढवाचा फोटो काढ म्हणून खूण केली.

दारात नव्या अबूनानं टोपली दोन्ही हातांनी घेतली. "आजी, इतकी चढउतार कशाला? निरोप दिला असतास तर गाडी पाठवली असती."

"वर गाडी येत नाही, बाळ."

"खालपर्यंत तरी."

"खालपर्यंत मी येतेच." तिनं टोपली रिकामी होईपर्यंत तिथंच उभं राहून बघितलं. "तळाची आधी खा. वरची टिकतात."

अबूनानं चहा विचारला. ओट्यावर बसून तिनं प्याला, साखर कमी आहे म्हणाली, आणखी थोडी मागून घेतली. मठाच्या भट्टीतले गोल पाव मिळाले, ते तिनं रिकाम्या टोपलीत ठेवले, त्यातला एक मोडून गाढवाला दिला. मग उठून तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "चल, नुवैजा, ऊन उतरायच्या आत बकऱ्या आत घ्यायच्यात." आम्ही घळीच्या वाटेनं वर निघालो.